लाकडात कोरलेलं तळं

माझं लग्न झालं तेव्हा यजमान फौजेत होते. सुट्टीवर आले, लग्न लागलं, हळद उतरायच्या आत तार आली आणि ते परत गेले. त्यांचा चेहराही मला नीट पाठ झाला नव्हता. मी औरंगाबादला चित्रकलेचा कोर्स केला होता, बघितलेलं माणूस कागदावर उतरवायची सवय होती. पण ते गेल्यावर त्यांचं तोंड काढायला बसले तर भुवयांच्या पुढे काही आठवेना.

मग बांगलादेशची लढाई सुरू झाली. शेजारच्या घरी रेडिओ होता. बातम्या संपल्या की सासूबाई मला विचारायच्या, "त्याचं नाव घेतलं का गं?" रेडिओवर शिपायांची नावं घेत नाहीत हे त्यांना कळत होतं, तरी विचारायच्या. मी 'नाही' म्हटलं की त्यांना बरं वाटायचं.

लढाई संपल्यावर बऱ्याच महिन्यांनी ते आले. हातपाय धड होते. फक्त डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं आणि कानामागे भाजल्याचा काळपट डाग होता. फौजेनं घरी पाठवलं, रेल्वेनं घेतलं. चुडाव्याच्या स्टेशनाजवळ फाटकावर त्यांना नोकरी लागली. पत्र्याचं दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, तिथं आम्ही तिघं राहायला गेलो: सासूबाई, ते आणि मी. मला पूर्णेच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी होती. सकाळच्या गाडीनं जायचं, दुपारच्या गाडीनं यायचं. गाडी फाटकावरून जाताना ते हिरवी झेंडी धरून उभे असत आणि मी खिडकीत असे. ते माझ्याकडे बघत नसत. गाडीकडे बघत.

स्वभावानं ते वाईट नव्हते. कधी आवाज चढवला नाही, दारूला शिवले नाहीत. पण त्यांच्या डाव्या बाजूनं कुणी जवळ गेलं की त्यांचं सगळं अंग दचकायचं, आणि मग त्यांनाच त्याची लाज वाटायची. सासूबाई काही बोलायच्या नाहीत. आतून बाहेर येताना मुद्दाम तांब्या दारावर आपटून यायच्या.

पहिल्या सव्वीस जानेवारीला आमच्या मुख्याध्यापकांनी त्यांना शाळेत बोलावलं. "मुलांना लढाईबद्दल दोन शब्द सांगा," म्हणाले. यजमान इस्त्रीचा शर्ट घालून आले. मुलं ओळीनं बसली होती. ते उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "लढाईत आमी लय चाललो." मग बराच वेळ थांबले. "पाय लय सुजले," म्हणाले आणि खाली उतरले. मुलं हसली. मुख्याध्यापकांनी घाईघाईनं घोषणा दिल्या. 

त्यांना भात चालत नाही हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आमच्याकडे रोजचं जेवण भाकरीचं, तांदूळ सणाला नाहीतर पाहुण्याला. बुद्धपौर्णिमेला सासूबाईंनी तांदळाची खीर केली. वाटी समोर ठेवली तर ते उठले. "फाटकावर जाऊन येतो," म्हणाले. त्यांची पाळी नव्हती.

सासूबाई वाटीकडे बघत बसल्या. "लहानपणी खिरीचं पातेलं बोटानं चाटून काढायचा ह्यो," त्या म्हणाल्या. "तिकडून त्यांनी दुसराच कुणी धाडलाय."

ते आले त्याच साली पाऊस गेला होता. विहिरी उघड्या पडल्या, बाया-बापे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसले. रोज गाडीतून मी ते बघत होते आणि मला ते चित्रात धरायचं होतं. पण पेन्सिलीनं काढलं की सगळं फार मऊ यायचं. कोर्सला असताना आम्हाला लाकूड कोरून छापे काढायला शिकवलं होतं. ते मी पुन्हा सुरू केलं. सुताराकडून सागवानी फळ्यांचे तुकडे आणले. मोडक्या छत्रीच्या काड्या पन्हाळीसारख्या असतात. त्या घासून, धार लावून, मुठी बसवून त्यानं मला कोरायची हत्यारं करून दिली. पूर्णेत लग्नपत्रिका छापणारा एक प्रेस होता, तिथून डबीत काळी शाई आणि एक जुना रबरी रूळ मिळाला. कागद पतंगाचा, पांढरा. फळीवर जे कोरून काढाल ते पांढरं राहतं, जे ठेवाल ते काळं उमटतं. शाई लावायची, कागद पसरायचा आणि पळीच्या पाठीनं घासत राहायचं. कागद उचलला की चित्र उलटं झालेलं असतं, डाव्याचं उजवं.

सुरुवातीला मी खडी फोडणाऱ्या बाया कोरल्या. मग एकदा यजमानांचं तोंड कोरलं. एवढ्या दिवसांत ते मला पाठ झालं होतं. कानामागचा डागसुद्धा घेतला. छाप दोरीवर वाळत होता तेव्हा ते दुपारची पाळी संपवून आले. समोर उभे राहून बघू लागले. मला वाटलं चिडतील.

"तू माझा कान बदललास की," ते म्हणाले.

"फळीवर डावाच हाय," मी म्हणाले. "छापला की उजवा होतो."

"म्हंजी ह्याला डाव्या कानानं ऐकू येतंय?"

"येत असंल."

ते हसले. लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होते. मग त्यांनी छाप दोरीवरून उतरवला, उजेडाकडे धरला आणि हसू कधी गेलं ते कळलंच नाही. "त्याला इचार," म्हणाले, "काय ऐकू येतंय."

काही दिवसांनी, मी फळीला पटाशी लावून बसले होते, तर ते शेजारी येऊन बसले. "एक घर काढशील का?"

"कसलं घर?"

"मातीच्या उंच जोत्यावर. वर गवताचं छप्पर, दोन्ही अंगाला वाकलेलं. दारात केळी. म्होरं अंगण, सारवलेलं. घराच्या मागं तळं."

मी पाटीवर काढलं. त्यांनी पुसलं. परत काढलं. छप्पर आणखी वाकवायला सांगितलं. केळीची पानं फाटलेली पाहिजेत म्हणाले, वाऱ्यानं फाटतात तशी. मी तो मुलूख कधी बघितला नव्हता. हिरवागार, पाण्यानं भरलेला मुलूख, आणि इकडे आम्ही स्टेशनावरच्या नळाला हंडे घेऊन उभे. मोठी फळी घेतली. घर पुढे, तळं मागे, असं ठरलं. घराचं दार उघडं ठेवायला त्यांनी सांगितलं.

"आत काय दिसतंय?" मी विचारलं.

"चूल. पेटलेली. वर भात शिजायलाय."

"कोण करायलंय?"

"घरात कुणी न्हाई," ते म्हणाले आणि उठून गेले.

त्यापुढं त्यांनी बरेच दिवस काही सांगितलं नाही. मी घर कोरत राहिले. छप्पर कोरायला वेळ लागला, अंगणाला लागला. चूल तेवढी चटकन झाली, ती मी कुणालाही न विचारता कोरून टाकली. तळ्याची जागा तशीच कोरी फळी होती. पहिला कच्चा छाप घ्यायचा ठरवला तेव्हा रूळ त्यांनी हातात घेतला. शाई लावायचं काम त्यांना आवडायचं. सावकाश, एकसारखी लावायचे. रूळ पुढे-मागे नेत असताना, फळीवरची नजर न काढता ते बोलायला लागले.

"तो भात आमी खाल्ला."

मी पळी हातात धरून बसून राहिले.

"लय भूक लागलती. दोन दिस कोरडंच चाललं होतं. आत गेलो तर हे. मीठ सुदिक न्हवतं. उभ्याउभ्याच खाल्ला, हातानं, पोळलं तरी. बाकीचे म्होरं गेले. मला वाटलं, घरचे लपलेले असतील, येतील, खरकटं भांडं बगतील. धुऊन पालथं घालावं म्हणून मागं तळ्यावर घेऊन गेलो."

रूळ थांबला नव्हता.

"तिथं होते सगळे. पाण्यात."

"कुणी मारलं?"

"कुणाला म्हाईत. सकाळपासून आमच्या तोफा त्या अंगाला चालायल्या होत्या. त्यांच्या बी चालायल्या होत्या. तोफ लांबून सुटती. कुणाची कुठं पडली, कोण बगतंय? माणसं आवाजाला भिऊन तळ्यात शिरली असतील."

 माझ्या तोंडातून निघून गेलं, "मग भांडं?"

"धुतलं," ते म्हणाले. "दुसऱ्या काठाला जाऊन धुतलं. चुलीपाशी पालथं घातलं."

त्या दिवशी आम्ही छाप घेतला नाही. फळीवर शाई वाळून गेली, ती मला नंतर रॉकेलनं पुसून काढावी लागली.

तळ्यात कोण कोण होतं ते त्यांनी पुढं हळूहळू सांगितलं, एकेक करून, कधी जेवताना, कधी मी फाटकावर डबा द्यायला गेले तेव्हा. एक म्हातारी होती. दोन पुरुष. एक जवान बाई. एक लहान पोरगी. "तोंडं कशी होती?" मी विचारलं. त्यांनी बराच विचार केला. "माणसासारखी," म्हणाले. म्हातारीचं तोंड तेवढं वर होतं, तिचे डोळे उघडे होते, एवढंच नक्की सांगितलं.

माझ्याकडे तोंडं नव्हती. मेलेली माणसं मी बघितली होती, पण घरातली, तिरडीवरची, हार घातलेली. कुणाला बघून कोरायचं? शेवटी मी जवळचीच घेतली. म्हातारीला सासूबाईंचं तोंड आलं. जवान बाईसाठी आरशात बघितलं. पुरुषांची तोंडं पाण्यात वळवून टाकली. आणि पोरीसाठी शेजारच्या क्वार्टरमधल्या रेल्वे खलाशाच्या लेकीला बोलावलं. सहा-सात वर्षांची, सारखी आमच्याच दारात खेळणारी. तिला गोधडीवर डोळे मिटून पडायला सांगितलं. ती गुदगुल्या झाल्यासारखी हसायची, मग एकदाची शांत पडली आणि मी भराभर काढून घेतलं. पाणी सगळ्यांत शेवटी केलं. पाणी दाखवायचं म्हणजे लाकूड काढून टाकायचं. आठवडाभर मी फळी खरवडत होते आणि सासूबाई रोज भुसा झाडून चुलीत घालत होत्या.

छाप चांगला आला. मी तो आतल्या खोलीत दोरीवर टांगला आणि शाळेला गेले. परत आले तर सासूबाई खाली बसल्या होत्या, मान वर करून.

"ही मी हाय," त्या म्हणाल्या.

मी पिशवी खाली ठेवली.

"मला मारून टाकलंस व्हय गं?"

तेव्हा मी त्यांच्याजवळ बसले आणि त्यांच्या लेकानं मला सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. लेकाच्या माघारी हे सांगावं का, असं मनात आलं. पण त्यांच्या तोंडाचं मी जे केलं होतं त्यानंतर न सांगून चालणार नव्हतं. त्या ऐकत राहिल्या. भाताचं ऐकताना त्यांनी पदर तोंडाला लावला.

"भांडं धुतलं म्हणला?"

"हो आत्याबाई. धुऊन पालथं घातलं म्हणाले."

त्या परत छापाकडे वळल्या. मग म्हणाल्या, "असू दे माझं तोंड. त्या म्हातारीला कुणाचं तरी पाहिजेच की." आणि भाकरी टाकायला उठल्या. त्यानंतर घरात तांदूळ आला नाही. मी आणला नाही, त्यांनी मागितला नाही.

शेजारच्या पोरीला गोवर निघाली ती त्याच महिन्यात. ताप उतरेना. अंगावरचं पुरळ आत गेलं म्हणून लोक घाबरले. पोरगी तापात बरळायची, त्यात तिनं आईला सांगितलं, 'मावशीनं मला मेल्यावानी पडायला लावलं.' आई भरउन्हात आमच्या दारात आली. भांडायला आली असती तर मला सोपं गेलं असतं. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली, हात जोडून.

"बाई, तुमी शिकल्याल्या. मला त्यातलं काई कळत न्हाई. तेवढं माझ्या लेकीचं तोंड काढून टाका."

मी म्हणाले, "अहो, चित्रानं काही होत नसतं. गोवर सगळ्या वस्तीत हाय."

"न्हाई होत," ती म्हणाली. "तरी काढा."

मी सासूबाईंकडे बघितलं. सासऱ्यांनी बौद्ध धर्म घेतला त्या वर्षी घरातले सगळे देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते, आणि तेव्हापासून सासूबाईंनी कुणाला लिंबू उतरवू दिलं नव्हतं की अंगारा लावू दिला नव्हता. शिपाई झालेल्या लेकासाठीसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "काढून टाक."

"आत्याबाई, आपण हे मानत न्हाई ना?"

"मानायची गोष्ट न्हाई. आई हाय ती."

मी फळी बाहेर आणली. त्या बाईच्या समोर, दारातच, पटाशी लावली आणि पोरीचं कपाळ, नाक, हनुवटी, सगळं खरवडून काढलं. कोरलेलं लाकूड परत भरता येत नाही. जिथं तोंड होतं तिथं खोलगट पांढरी जागा राहिली. छापलेले कागद मी तिच्या हातात दिले. तिनं ते घेतले, घडी घातली आणि गेली. ते तिनं जाळले की पुरले, मी कधी विचारलं नाही. पोरगी वाचली. अशक्त झाली होती, पण उन्हाळा संपायच्या आत परत आमच्या दारात खेळायला लागली. त्याच उन्हाळ्यात वस्तीतली दुसरी दोन लेकरं गेली. त्यांना मी कधी कोरलं नव्हतं. तरी पुढं कित्येक वर्षं कुणा लहान मुलाचं चित्र काढताना मी डोळे उघडेच काढत आले.

यजमानांना हे संध्याकाळी कळलं. मी नवा छाप घेऊन त्यांच्यापुढं धरला. तळ्यात म्हातारी, बाई, पुरुष, आणि फ्रॉकच्या वर नुसती पांढरी जागा.

"चित्र बिघडलं," मी म्हणाले.

ते कागदाच्या अगदी जवळ गेले. "असंच होतं," ते म्हणाले. "ती पालथी होती. तिचं तोंड मला दिसलंच न्हवतं."

"मग आधी का नाही बोललात?"

"तू एवढं चांगलं काढलं होतंस," ते म्हणाले. "मला वाटलं, असंल असंच तोंड."

त्या फळीचे छाप आम्ही पुढं अधूनमधून काढत राहिलो. ते शाई लावायचे, मी घासायचे. त्यांच्या झोपेत फरक पडला की नाही सांगता येत नाही. डाव्या बाजूनं गेलं की दचकणं गेलं नाही. पण ते छापायला बसायचे, एवढं खरं. रूळ हातात असला की कधीतरी चार शब्दही बोलायचे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा परभणीत चित्रकला शिक्षकांचं एक प्रदर्शन झालं, एका शाळेच्या हॉलमध्ये. मी तळ्याचा छाप दिला. शेवटच्या दिवशी यजमान माझ्याबरोबर आले. लोक येत होते, दुसऱ्यांची निसर्गचित्रं बघत होते, आमच्यापुढे आले की पाय उचलत होते. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, लढाई आपण जिंकली ना? मग हे काय?" 

मग एक बाई आल्या. रेल्वेतल्या कुणा बंगाली साहेबांच्या पत्नी, बदलीवर पूर्णेला आलेल्या. फाळणीच्या वेळी लहान असताना तिकडचं गाव सोडलेलं. त्या छापापुढं इतका वेळ उभ्या राहिल्या की हॉलचा शिपाई दिवे घालवायला आला आणि थांबला.

"आप कब गई थीं उधर?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगणार होते की मी गेले नाही, हे गेले होते. पण तोंडातून 'हो, गेले होते' असंच काहीसं निघालं. यजमान माझ्या डाव्या हाताला उभे होते, त्यांचा चांगला कान त्या बाईंकडे होता. त्यांनी सगळं ऐकलं.

त्या बाईंनी कागदावर बोट ठेवलं, उघड्या दारातून दिसणाऱ्या चुलीवर. "सब वैसा ही है. छप्पर, केले का पेड़. बस, चूल्हा ऐसा नहीं होता हमारे यहाँ. ज़मीन के अंदर होता है. गड्ढे में." आणि नमस्कार करून गेल्या.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. पिंगळीचं स्टेशन गेल्यावर मी विचारलं, "चूल जमिनीत होती?"

"जमिनीतच होती," ते म्हणाले.

"मला तवाच का न्हाई सांगितलं?"

"तू तुझी कोरलीस. मी म्हणलं, चूल ती चूल. तवा मला खरी दिसत होती." ते हातातल्या पिशवीच्या बंदाशी चाळा करत होते. "छापून छापून आता तुझीच दिसती. डोळे मिटले की पाण्यात आईच दिसती. त्या म्हातारीचं तोंड गेलं."

"बरंच झालं की मग," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटलं होतं.

"बरं कसं?" ते म्हणाले. "तिला त्या दिवशी मी एकट्यानंच बगितलं होतं."

मिरखेल आलं, पूर्णा आली. पूर्णेला इंजिन पाणी घेईपर्यंत गाडी उभी राहिली. आम्ही दोघंही खाली उतरलो नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी संपवून आल्यावर ते कपडे न बदलता अंगणात बसले आणि खुरप्यानं जमीन उकरायला लागले. मी दारात उभी होते. त्यांनी गोल खड्डा केला, एका बाजूला लाकूड सारायला तोंड ठेवलं, हातानं कडा चोपल्या, मग मागं सरून त्याच्याकडे बघत बसले. सासूबाई तांब्या आपटत बाहेर आल्या. त्यांनी खड्ड्याकडे बघितलं, लेकाकडे बघितलं आणि आत जाऊन दोन काटक्या आणून त्याच्या तोंडापाशी ठेवल्या.

"अशी होती का?" मी विचारलं.

ते वाकले. "आणखी खोल असंल," म्हणाले आणि परत उकरायला लागले.